मेंगहाईची अर्धी चकती

फोन आला तेव्हा सतीश स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. त्या दिवशी तो घरूनच काम करत होता आणि दुपारी पिठले टाकायचा त्याचा बेत होता. मालिनी सकाळी सायकलवरून ऑफिसला गेली होती. फोनवरच्या बाई आधी डच बोलल्या, मग इंग्रजी बोलल्या. सतीश म्हणाला, "हो, मी तिचा नवरा." मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. शेवटी त्याने विचारले, "म्हणजे मी आलो तर ती बोलू शकणार नाही का?" पलीकडून काहीतरी उत्तर आले. त्याने फोन ओट्यावर ठेवला, चिरलेला कांदा ताटलीने झाकला, शेगडी बंद आहे ना ते दोनदा पाहिले आणि जॅकेट न घालताच बाहेर गेला. ऑक्टोबर महिना होता. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये त्या दिवसांत जॅकेट न घालता कोणी बाहेर पडत नाही.

मालिनीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. ऑफिसमध्येच ती खुर्चीवरून खाली पडली आणि पुन्हा शुद्धीवर आली नाही.

मित्रांनो, हे सगळे मी वरच्या फळीवरून ऐकले. मी त्या घरातली चहाची जुनी चकती आहे. तुमच्या घरी चहा डब्यात असतो, भुकटीसारखा. मी तशी नाही. मी भाकरीएवढी गोल, दाबून घट्ट केलेली आणि काळपट रंगाची आहे. तो फोन आला तेव्हा मी अर्धीच उरले होते. हा उरलेला अर्धा भाग सतीशसाठी एवढा मोठा का झाला, हे समजायचे तर मी आले तिथपासून सांगावे लागेल.

माझा जन्म चीनच्या युन्नान प्रांतात झाला. चीनच्या नकाशात खाली डावीकडचा, म्हणजे नैऋत्येचा कोपरा बघा. म्यानमार, लाओस आणि व्हिएतनाम हे तीन देश त्याला लागून आहेत आणि वरच्या अंगाला तिबेट आहे. युन्नान म्हणजे ढगांच्या दक्षिणेचा मुलूख, असे तिथले लोक सांगतात. त्या प्रांताच्या अगदी दक्षिणेला शीश्वांगबान्ना नावाचा भाग आहे. तिथे हवा गरम आणि दमट असते. केळी आहेत, रबराची झाडे आहेत, जंगलात रानटी हत्तीसुद्धा आहेत. त्या भागातले मेंगहाई हे माझे गाव. तिथल्या डोंगरात चहाची झुडपे नसतात, झाडे असतात. पाने तोडायला माणसे चक्क झाडावर चढतात.

एका वसंतात एका म्हाताऱ्या बुलांग बाईने माझी पाने तोडली. बुलांग हे तिथल्या डोंगरातले जुने लोक आहेत आणि चहा ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती आहे. तिने पाने पसरून ठेवली, मोठ्या लोखंडी कढईत हाताने परतली, कणकेसारखी मळली आणि उन्हात वाळवली. मग तिच्या मुलाने ती वाफवून फडक्यात भरली, फडक्याला पीळ देऊन गाठ मारली आणि वर जड दगड ठेवला. दगडावर तो स्वतः उभा राहून डुलत होता. फडक्याच्या गाठीचा खळगा अजून माझ्या पाठीवर आहे. मग आम्हा सात चकत्यांना कागदात गुंडाळून बांबूच्या सालीत एकत्र बांधले.

आमच्या जातीच्या चहाची एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते. आम्ही शिळ्या होत नाही, म्हाताऱ्या होतो. वर्षे जातात तसा कडवटपणा कमी होतो आणि गोडी वाढते. पूर्वी आम्हाला घोड्या-खेचरांवर लादून तिबेटपर्यंत नेत असत. वाटेत महिनेच्या महिने जायचे आणि त्या प्रवासातच आमची चव बदलायची. त्यासाठी आम्हाला हवा लागते. आम्ही श्वास घेतो म्हणा ना. आणि श्वास घेतो म्हणून शेजारी जे असेल त्याचा वासही घेतो. तो लवकर सुटत नाही.

आता मालिनी मला कशी भेटली ते सांगते. तिची कंपनी फुलांच्या लिलावाचे सॉफ्टवेअर बनवायची. अ‍ॅमस्टेलव्हीनहून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर आल्समेर आहे. तिथे फुलांचा प्रचंड मोठा लिलाव चालतो. तिथे भाव वर चढत नाही, खाली येतो. मोठ्या घड्याळावर भाव उतरत जातो आणि जो आधी बटण दाबतो त्याला फुले मिळतात. युन्नानची राजधानी कुनमिंग. तिथेही फुलांचा मोठा बाजार आहे आणि लिलाव याच डच पद्धतीने होतो. कुनमिंगच्या आसपास गुलाब, कार्नेशन, लिली यांचे मैलच्या मैल मळे आहेत. म्हणून मालिनीला कामासाठी तिथे जावे लागले.

तिथे तिच्याबरोबर दुआन नावाची बाई काम करायची. ती मूळची दालीची. दाली हे त्याच प्रांतातले तळ्याकाठचे गाव. दोघींची चांगली गट्टी जमली. एका सुट्टीला दुआन तिला आगगाडीने दक्षिणेला घेऊन आली. माझ्या म्हाताऱ्या बाईच्या ओसरीवर मालिनीने बांबूची गुंडाळी सोडवली, सातही चकत्या एकेक करून नाकाशी धरल्या आणि मला उचलले. का, ते मला ठाऊक नाही. दुआनने तिला बजावले, "अंधारी, कोरडी, हवेशीर जागा. आणि कुठल्याही वासापासून लांब."

मालिनीने पहिल्या तीन गोष्टी पाळल्या. त्या घरात अंधारी, कोरडी आणि हवेशीर अशी एकच जागा होती, ती म्हणजे स्वयंपाकघरातली मसाल्याची फळी. माझ्या एका बाजूला गोड्या मसाल्याचा डबा होता आणि दुसऱ्या बाजूला हिंगाची डबी. हिंगाच्या डबीचे झाकण कधीच नीट लागत नसे.

पहिल्या दिवशी सतीशच्या आईला पुण्याला व्हिडिओवर माझे दर्शन घडवले.

"मालिनी, अगं गोवरी कशाला आणलीस चीनमधून?"

"आई, चहा आहे तो."

"शेणी थापल्यासारखा दिसतोय. आणि प्यायचा कसा, चुलीत घालून?"

सतीशने माझा तुकडा मोडला, पातेल्यात घातला, वर आले किसले, दूध आणि साखर घातली आणि चांगली उकळी आणली. एक घोट घेऊन त्याने कप खाली ठेवला. "काढा झालाय," तो म्हणाला. "ताप आला की पिऊ." दुआनला हे फोनवर सांगितले तेव्हा ती इतकी हसली की तिच्या ऑफिसातली माणसे बघायला आली.

मग तिने नीट शिकवले. थोडी पाने लहानशा भांड्यात घ्यायची. त्यावर उकळते पाणी ओतायचे आणि ते पहिले पाणी लगेच टाकून द्यायचे, कारण त्यात वरची धूळ आणि बाहेरचा वास निघून जातो. मग पुन्हा पाणी, पुन्हा लहान वाट्या. तीच पाने आठ-दहा वेळा चालतात आणि प्रत्येक वेळी चव वेगळी लागते. मालिनीला हे फार आवडले. सतीश वाटी बोटांत धरून म्हणायचा, "आचमनाला चहा दिलास का?" पण दर रविवारी सकाळी तो तिच्यासमोर बसायचा आणि सगळ्या वाट्या संपवायचा.

त्या टेबलावर मालिनीने त्याला अख्खा युन्नान समजावला. मला तो प्रसंग चांगला आठवतो. त्यांची मुलगी अश्लेषा तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. जेवताना तिने विचारले, "पण आई, व्हॉट इज देअर टु सी? फुलांचे फार्म्स?"

मालिनीने सतीशसमोरचे ताट उचलले.

"अगं, मी जेवतोय."

"थांब रे जरा." तिने भात एका कडेला ओढून उंच ढीग केला. "हा वायव्येचा कोपरा, तिबेटच्या बाजूचा. इथे बर्फाचे डोंगर आहेत, साडेसहा हजार मीटरच्याही वर." मग तिने ती कड उचलली. आमटी वाहत दुसऱ्या कडेला गेली. "आणि हा आग्नेयेचा. व्हिएतनामच्या हद्दीवर. तिथे जमीन समुद्रापासून शंभर मीटरसुद्धा उंच नाही. अख्खा प्रांत असा उतरता आहे."

"आणि ही माझी आमटी?"

"त्या नद्या. वरच्या कोपऱ्यात तीन मोठ्या नद्या शेजारी शेजारी वाहतात, मध्ये फक्त डोंगरांच्या भिंती. एक म्यानमारला जाते. एक लाओसला, तीच मेकाँग. आणि तिसरी एकदम वळते आणि चीन ओलांडून थेट शांघायला."

"माझी आमटी शांघायला गेली," सतीश अश्लेषाला म्हणाला. "आता कोरडा भात खातो."

"आपल्याकडे पण डोंगर आहे, बाबा. साउथला, लिंबुर्गमध्ये. आम्ही स्कूल ट्रिपला चढलो होतो."

"तो डोंगर? त्याला पर्वतीच्या शेजारी उभा केला तर पर्वती त्याच्या डोक्यावरून हात फिरवेल."

मालिनी म्हणायची की आधी कुनमिंगला उतरायचे. ते गाव जवळजवळ एकोणीसशे मीटर उंचीवर आहे, म्हणून ना फार उन्हाळा ना फार थंडी. हिवाळ्यात तिथल्या तळ्यावर सैबेरियातून कुरव पक्षी येतात आणि लोक त्यांना पाव खाऊ घालतात. तिथून गाडीने दोन-अडीच तासांत दाली. एका बाजूला लांबच लांब तळे आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. तिथले बाय लोक बकरीच्या दुधाचे पनीर करतात आणि तळून खातात. "चीनमध्ये पनीर? थापा मारू नकोस," असे सतीश म्हणाला होता. मग लीच्यांग. तिथल्या जुन्या गल्ल्यांतून पाण्याचे पाट वाहतात. पुढे नदी एका खोल दरीत घुसते. त्याच्याही वर शांग्रीला. त्या गावाचे नाव आधी वेगळे होते, प्रवासी यावेत म्हणून ते बदलले.

"नाव बदलून गिऱ्हाईक वाढतं?"

"वाढलं की. आता तर तिथपर्यंत आगगाडी गेली. पण तिथे हवा विरळ आहे, तुला जिन्यावर दम लागेल. तू इथेच ट्रॅम पकडताना धापा टाकतोस."

आणि शेवटी खाली दक्षिणेला, माझ्या मेंगहाईला. एकाच प्रवासात लोकरीचे स्वेटर आणि पातळ सुती सदरा दोन्ही बॅगेत लागतील, असे ती सांगायची.

तिने नुसती निसर्गाची गोष्ट सांगितली नाही. युन्नानचे पोट कशावर चालते तेही ती सांगायची. तंबाखूचा पैसा तिथे सर्वांत मोठा. मग चहा, फुले, रबर आणि आता कॉफी. दक्षिणेला कथिलाच्या जुन्या खाणी आहेत. त्या उतरत्या नद्यांवर मोठी धरणे बांधली आहेत आणि त्यांची वीज पूर्वेकडच्या कारखान्यांना जाते. तरीही समुद्राकाठच्या चीनच्या मानाने युन्नान मागे राहिला, कारण डोंगरातल्या गावांपर्यंत रस्ता पोचायलाच फार वर्षे लागली. "माझी ती म्हातारी बाई," मालिनी एकदा म्हणाली, "तिच्या तरुणपणी चहा पाठीवर घेऊन खाली यायची. आता तिचा नातू फोनवर चकत्या विकतो." सतीशला फुलांत आणि डोंगरात फारसा रस नव्हता. तो मालिनीकडे बघत ऐकायचा.

मी निम्मी संपले तेव्हा मालिनीने कागद मिटला. "आता बास. उरलेली अर्धी युन्नान बघून आल्यावर प्यायची. दोघांनी."

"आणि तोवर?"

"तोवर टेट्लीच्या पिशव्या."

"का पण?"

"तेव्हा तुला कळेल तू काय पितोयस."

त्या वर्षी जायचे राहिले, कारण अश्लेषाची शेवटची परीक्षा होती. पुढच्या वर्षी सतीशच्या आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन निघाले आणि सुट्टी पुण्यात गेली. त्यात कोणाची चूक नव्हती. तिसऱ्या वर्षीचा एप्रिल पक्का ठरला. मालिनीने ऑफिसात सुट्टी सांगूनही ठेवली होती. मग ऑक्टोबरमध्ये तो फोन आला.

त्यानंतर घरात खूप माणसे येत-जात होती. मराठी मंडळातल्या बायकांनी आळीपाळीने डबे आणले. तेरावा झाल्यावर मालिनीची मैत्रीण संपदा आणि आणखी दोघी स्वयंपाकघर आवरायला आल्या. सतीशला एकट्याला ते जमणार नाही, हे त्यांना दिसत होते. त्यांनी फार मायेने काम केले. जुने मसाले काढून टाकले. डबे गरम पाण्याने धुतले. फळ्या व्हिनेगरने पुसल्या. हिंगाची डबीसुद्धा घासून पालथी घातली. सगळे स्वच्छ झाले.

संपदाने मला हातात घेतले. "सतीश, हे काय आहे रे? खराब झालंय वाटतं. टाकू?"

सतीश दिवाणखान्यातून उठून आला. त्याने मला घेतले आणि कागद उघडला. स्वयंपाकघरात आता व्हिनेगरचा वास होता. त्याने मला नाकाशी धरले. मी श्वास घेणारी आहे, हे तुम्हाला सांगितलेच. एवढी वर्षे मी गोड्या मसाल्याच्या आणि हिंगाच्या मध्ये बसले होते. मालिनी रोज तिथे फोडणी करत होती. ते सगळे माझ्यात मुरले होते. त्या घरात ते आता फक्त माझ्यातच उरले होते.

"नको," सतीश म्हणाला. "हे असू दे."

"अरे, पण ठेवायचं कुठे?"

"मी ठेवतो."

मित्रांनो, त्याने मला फार जपून ठेवले. आधी झिपच्या पिशवीत घातले आणि आतली हवा दाबून काढली. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. दुसरी पिशवी लाडवांच्या स्टीलच्या डब्यात ठेवली. झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली. मग तो डबा वरच्या खोलीतल्या कपाटात, मालिनीच्या शालींच्या मागे ठेवून दिला. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून होते आणि थंडीत त्या भिंतीला ओल धरायची.

मला एकदाही कोणी विसरले नाही. सतीश कधी कधी कपाट उघडून डब्यावर हात ठेवायचा, तो आवाज मला यायचा. पण डबा त्याने उघडला नाही. उघडला तर वास जाईल, ही त्याची भीती होती. आणि दुसरीही एक गोष्ट होती. उरलेली अर्धी परत आल्यावर प्यायची ठरली होती. ती अर्धी शाबूत होती तोवर जायचे रद्द झाले नव्हते, फक्त राहिले होते. तो हे कोणाला बोलला नाही. पण मी त्या डब्यात होते, मला कळत होते.

अश्लेषा मास्ट्रिख्टला शिकते. शनिवार-रविवारी ती आगगाडीने घरी यायची. एकदा तिने कपाटाजवळच विषय काढला.

"बाबा, मी आणि तू जाऊया ना. एप्रिलमध्ये नाही तर मे व्हेकेशनमध्ये. आईने रूट सगळा सांगितलाय."

"तो तिचा रूट होता."

"सो?"

"सो काही नाही. बघू."

आत मला श्वास घेता येत नव्हता. तेराव्याच्या गर्दीतल्या स्वयंपाकाची वाफ मी अंगात घेऊनच त्या पिशवीत आले होते. ती बाहेर पडेना. हिवाळ्यात माझ्या एका कडेला पांढरे ठिपके आले. म्हातारी होऊन गोड होण्याऐवजी मी कुजायला लागले होते, आणि तेही एका माणसाने माझ्यावर एवढी माया केल्यामुळे.

मे महिन्यात दुआन फुलांच्या कामासाठी आल्समेरला आली आणि एका शनिवारी सतीशला भेटायला घरी आली. तिने फुले आणली नाहीत. फुले ती रोज विकते, असे तिने सांगितले. तिने युन्नानच्या रानातल्या सुकवलेल्या अळंब्या आणल्या होत्या. ती मालिनीच्या फोटोपुढे थोडा वेळ उभी राहिली. मग खुर्चीवर बसून तिने सतीशला इंग्रजीत विचारले, "तुमच्याकडची उरलेली अर्धी चकती कशी आहे?"

"सांभाळून ठेवलीय."

"बघू शकते?"

सतीश वर गेला आणि डबा घेऊन आला. चिकटपट्टी निघता निघेना, तेव्हा अश्लेषाने सुरी आणली. झाकण उघडले, पिशव्या उघडल्या आणि कुबट वास टेबलावर पसरला.

दुआन मला खिडकीपाशी घेऊन गेली आणि उजेडात फिरवून पाहिले. सतीश टेबलाच्या कडेला हात टेकून उभा होता. पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसत होते.

"मी चारही बाजूंनी बंद केलं होतं," तो म्हणाला.

"म्हणूनच," दुआन म्हणाली.

"आता टाकावी लागेल का?"

दुआन माझा वास घेऊन बघत होती, खराब कडेचा नाही, मधल्या जागेचा. मग तिच्या चेहऱ्यावर थोडे हसू आले. "हिंग," ती म्हणाली. तो शब्द तिने मराठीत उच्चारला. "मी व्हिडिओवर बघितलं होतं, तिने हिला मसाल्याच्या डब्यांत ठेवलं होतं. मी दोनदा रागावले. ती काय म्हणाली माहितीये? आमच्या घरात मसाल्याचा वास नाही अशी जागाच नाही, बाथरूममध्ये ठेवू का?"

अश्लेषा हसली. सतीश हसला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तू जाणार नाहीस. पिणार पण नाहीस. मग व्हॉट इज द प्लॅन?"

"ठेवायची."

"हे ठेवलेलं आहे?" तिने ओल्या पिशवीकडे बोट केले.

सतीश खाली बसला. "दोघांनी प्यायची म्हणाली होती गं. आल्यावर. आता मी जाऊन आलो तरी दोघं कुठून आणू?"

अश्लेषाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुआनने कामाला सुरुवात केली. तिने सुरीने माझी बुरशी आलेली कड आणि तिच्या आतला बराचसा भाग कापून कचऱ्यात टाकला. अजिबात कंजुषी केली नाही. उरलेला भाग मोडून आतून तपासला. आतली पाने कोरडी आणि काळीभोर होती. "ही बरी आहे," ती म्हणाली. "साध्या कागदात गुंडाळा. उघड्यावर ठेवा, उन्हात नाही. काही आठवडे तरी पिऊ नका."

"पण उघड्यावर वास जाईल."

"जाईल. हळूहळू जाईल. पिशवीत ठेवली तर चहासकट जाईल."

सतीशने मला दिवाणखान्यात पुस्तकांच्या वरच्या फळीवर ठेवले. तिथे ना फोडणी होती ना हिंग. रोज सकाळी तो खिडकी थोडी उघडायचा. बाहेरून ओल्या गवताचा आणि कालव्याच्या पाण्याचा वास यायचा. ते पाणी युन्नानच्या नद्यांसारखे धावत नाही, जागच्या जागी असते. मी पुन्हा श्वास घेऊ लागले.

जूनमधल्या एका रविवारी अश्लेषा घरी होती. सतीशने मला खाली काढले, थोडी पाने मोडली आणि मालिनीचे लहान भांडे टेबलावर मांडले. पाणी उकळून पानांवर ओतले. अश्लेषाने पहिले पाणी टाकायला भांडे उचलले आणि ती सिंककडे वळली.

"थांब," सतीश म्हणाला. "ते मला दे."

"बाबा, हे धुतलेलं पाणी आहे. फेकायचं असतं."

"माहितीये."

"दुआन ओरडेल."

"तिला सांगू नकोस."

त्याने ते पाणी वाटीत ओतले. दुआनने सांगितले होते तसेच झाले. माझ्या अंगाला लागलेले बाहेरचे सगळे त्या पहिल्या पाण्यात उतरले. त्यात हिंग होते, लवंग होती, दगडफूल होते. सतीश ते हळूहळू प्यायला. अर्धे उरले तेव्हा त्याने वाटी मुलीपुढे सरकवली. तिने एक घोट घेतला आणि तोंड वेडेवाकडे केले.

"खूप हिंग आहे."

"ती जास्तच घालायची," सतीश म्हणाला. "मी कितीदा सांगितलं."

मग त्यांनी पुढचे पाणी घातले, आणि त्याच्या पुढचे. तिसऱ्या वाटीपासून हिंग कमी झाले आणि माझी मेंगहाईची चव वर आली, थोडी कडू आणि मागून गोड. सतीशने ती ओळखली की नाही, मला सांगता येत नाही. त्याने मेंगहाई पाहिलेले नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. आवडीची वस्तू सांभाळायची म्हणून तिला कोंडून ठेवू नका. शाल असेल तर पांघरा. भांडे असेल तर त्यात शिजवा. चहा असेल तर प्या, आणि उरेल त्याला हवा द्या. वापरल्याने आम्ही संपतो, हे खरे आहे. पण नुसते कोंडल्याने आम्ही आधी खराब होतो आणि मगच संपतो. तेव्हा कोणाच्याच हाती काही लागत नाही.

मी आता पाव हिस्सा उरले आहे. रविवारी ते दोघे मला खाली काढतात. अश्लेषा एप्रिलचा विषय काढते, सतीश "बघू" म्हणतो आणि वाट्या धुवायला घेतो. कधी येताय, असा दुआनचा निरोप दोनदा येऊन गेला आहे. सतीशने व्हिसाचा अर्ज केलेला नाही. कुनमिंगचे तिकीट काढलेले नाही. युन्नान बघायचे राहिले आहे.